रिॲलिटी शोमधून लहान व्यावसायिकाने प्रश्न घ्यावेत, उत्तरे नव्हेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील एका ताईंचा कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि चटण्यांचा व्यवसाय आहे. सासूबाईंनी तो घरातून सुरू केला आणि आता ताई व त्यांचा मुलगा तो पाहतात. वर्षाची उलाढाल ६० लाखांच्या आसपास आहे, सहा महिला कामाला येतात (सगळ्या पूर्णवेळ नाहीत) आणि पाकिटांचे प्रकार ३५ च्या वर गेले आहेत. मुलगा ‘शार्क टँक इंडिया’ हा व्यवसायातील हिस्सा देऊन गुंतवणूकदारांकडे पैसे मागण्याचा कार्यक्रम न चुकता पाहतो आणि तेथे अर्ज करावा म्हणतो. ताईंना हा सगळा प्रकार नाटकी वाटतो. अशा कार्यक्रमांतून लहान व्यवसायाला खरोखर काही शिकण्यासारखे आहे का, आणि मुलाला अर्ज भरू द्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

लहान उत्पादकांच्या मालाचा परिव्यय, म्हणजे उत्पादनखर्च, काढणे, त्यांचे बँकेचे प्रस्ताव तयार करणे आणि अडकलेल्या येण्यांचा पाठपुरावा करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे मी या कार्यक्रमांकडे करमणूक म्हणून क्वचितच पाहू शकतो. माझे मत असे की ताई आणि त्यांचा मुलगा दोघेही अर्धे बरोबर आहेत. कार्यक्रम नाटकी असतो, कारण बराच वेळ चाललेली चर्चा कापून काही मिनिटांवर आणलेली असते आणि काय ठेवायचे हे करमणुकीच्या हिशेबाने ठरते. परंतु त्या काही मिनिटांत व्यावसायिकाला विचारले जाणारे प्रश्न मात्र खरे असतात, आणि हे प्रश्न लहान व्यावसायिकाला त्याच्या नेहमीच्या वर्तुळात कोणीच विचारत नाही. नातेवाईक कौतुक करतात, कर सल्लागार विवरणपत्रापुरते पाहतो, बँक तारण पाहते, आणि नाराज झालेले गिऱ्हाईक काही न बोलता दुसऱ्या दुकानात जाते. एका पाकिटामागे शेवटी हातात किती उरते, हे विचारणारा परका माणूस आपल्याकडे बहुधा पडद्यावरच भेटतो.

हा साचा मूळचा जपानी आहे. तेथे २००१ मध्ये नवउद्योजकांनी धनाढ्य गुंतवणूकदारांसमोर पैसे मागण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २००५ मध्ये तो ‘ड्रॅगन्स डेन’ या नावाने बीबीसीवर आला, २००९ मध्ये अमेरिकेत ‘शार्क टँक’ झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये सोनी वाहिनीवरून भारतात पोहोचला. भाषा, चलन आणि माल बदलत गेला, तरी विक्री किती, एका नगामागे खर्च किती, उधारी किती आणि तुम्ही नसताना हे कोण चालवते, ही प्रश्नांची यादी फारशी बदलली नाही.

त्यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण ताईंच्या व्यवसायाचे बरेचसे उत्तर तेथेच आहे. खालचे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्यक्ष आकडे ताईंनी स्वतःच्या वहीतून घालावेत. समजा, २०० ग्रॅमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटाची छापील किंमत १२६ रुपये आहे. त्यातले ६ रुपये वस्तू व सेवा कराचे, म्हणजे राहिले १२०. दुकानदाराचे २० टक्के वजा केले की ९६, आणि वितरकाचे १० रुपये वजा केले की कारखान्याच्या हाती ८६ रुपये येतात. आता खर्च पाहू. मिरची, कांदा, लसूण, खोबरे, तीळ, धणे आणि तेल मिळून ४८ रुपये, आणि हे वाळवताना व भाजताना होणारी घट धरून. पुष्कळ जण घट धरतच नाहीत. पाकीट, लेबल आणि खोक्याचे ७, डंकावर कुटण्याचे ४, मजुरीचे ९, वाहतुकीचे ४ आणि फुटून किंवा मुदत संपून परत येणाऱ्या मालासाठी ३. एकूण ७५. म्हणजे १२६ रुपये छापलेल्या पाकिटामागे ११ रुपये उरतात.

साठ लाखांच्या उलाढालीला ८६ रुपयांनी भागले तर वर्षाला साधारण ७० हजार पाकिटे होतात आणि त्यांच्यामागे ७ लाख ७० हजारांच्या आसपास रक्कम शिल्लक दिसते. हा नफा नव्हे. यातून जागेचे भाडे, वीजबिल, टेम्पोचा विमा, परवान्यांचे शुल्क आणि बँकेचे व्याज जायचे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ताई आणि त्यांचा मुलगा दिवसभर जे राबतात त्याचे पैसे यात कोठेच धरलेले नाहीत. दोघांना महिन्याला प्रत्येकी २० हजार रुपये पगार धरला, आणि याहून कमी पगारात त्या कामाला बाहेरचा विश्वासू माणूस मिळणार नाही, तर वर्षाचे ४ लाख ८० हजार होतात. उरलेल्या २ लाख ९० हजारांत बाकीचे सगळे खर्च भागवायचे आहेत. घरच्या माणसांचे श्रम फुकट धरल्यामुळेच फायद्यात दिसणारे व्यवसाय आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, आणि सासूबाई बसल्या तोवर चव बिघडत नव्हती, त्या थकल्यावर चव आणि हिशेब दोन्ही एकदम बिघडले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची मुळातली अडचण बहुतेक वेळा हीच असते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. या पाकिटात साधारण १०० ग्रॅम, म्हणजे २४ रुपयांची मिरची असेल आणि मिरची किलोमागे ४० रुपयांनी चढली, तर पाकिटामागे ४ रुपये जातात आणि ११ चे ७ होतात. म्हणजे मिरचीचा भाव सहाव्या हिश्शाने वाढला की शिल्लक तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी होते. कार्यक्रमातील गुंतवणूकदार ‘मार्जिन किती’ असे विचारून लगेच पुढे ‘कच्च्या मालाचा भाव वाढला तर’ असे विचारतात ते यासाठी. समोरचा अडखळला की प्रेक्षकांना त्याची कीव येते. मात्र बँकेचा अधिकारी हेच आकडे मागतो तेव्हा अडखळणाऱ्याची कीव कोणाला येत नाही.

टाळ्यांमागचे गणित तपासण्याची सवय लावायची असेल तर ‘शार्क टँक इंडिया’च्या पहिल्या पर्वातले एक उदाहरण चांगले आहे. हैदराबादच्या ‘स्किपी’ या बर्फाच्या कांड्या विकणाऱ्या कंपनीने ५ टक्के हिश्श्यासाठी ४५ लाख रुपये मागितले होते. शेवटी पाचही गुंतवणूकदारांनी मिळून १५ टक्के हिश्श्यासाठी १ कोटी देऊ केले. मागितल्याच्या दुपटीहून अधिक पैसे मिळाले म्हणून जल्लोष झाला. पण ४५ लाखांना ५ टक्के म्हणजे कंपनीची किंमत ९ कोटी, आणि १ कोटीला १५ टक्के म्हणजे सुमारे ६ कोटी ६७ लाख. पैसे वाढले आणि हिश्श्याचा भाव सुमारे पाव हिश्शाने उतरला. हा निर्णय चुकीचा होता असे माझे म्हणणे नाही, कारण पाच जाणत्या माणसांची साथ आणि घराघरांत पोहोचलेले नाव यांनाही किंमत असते आणि ती त्यांनी समजून मोजली असावी. मुलाने कार्यक्रम जरूर पाहावा, पण प्रत्येक सौदा पाहताना कागदावर हा भागाकार करावा. एक पर्व असे पाहिले तर ‘मूल्यांकन’ या गोष्टीचा धाक उरणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्याकडचे आहे. मालेगाव परिसरातील एका तरुणाने पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याचा त्रास पाहून चाकांवर चालणारे फवारणी यंत्र बनवले आणि पहिल्याच पर्वात तो ते घेऊन गेला. १० टक्के हिश्श्यासाठी ३० लाख ही त्याची मागणी होती. कार्यक्रमातील एक गुंतवणूकदार, चष्मे विकणाऱ्या ‘लेन्सकार्ट’चे पीयूष बन्सल यांनी ४० टक्के हिश्श्यासाठी १० लाख आणि त्याखेरीज २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. हा प्रसंग महाराष्ट्रात भावुकतेने पाहिला गेला. मला त्यात रस आहे तो सौद्याच्या बांधणीत. तीसातले वीस लाख कर्ज आहे, भागभांडवल फक्त दहा लाखांचे, आणि त्या दहा लाखांसाठी चाळीस टक्के गेले. हाताशी चांगली कल्पना होती, पण विक्रीचा भरीव आकडा नव्हता, तेव्हा हिस्सा स्वस्तात जाणारच. ताईंकडे मात्र वर्षानुवर्षांची विक्री आहे, बिले आहेत, गिऱ्हाईक आहे. त्यांनी हिस्सा विकायला निघण्याआधी कर्जाचा विचार करणे योग्य, हे याच उदाहरणातून शिकावे.

ते आकड्यांत मांडतो. कुटाई आणि पॅकिंगच्या यंत्रांसाठी १५ लाख लागणार आहेत असे धरू. बँकेने ११ टक्के दराने पाच वर्षांसाठी दिले तर महिन्याचा हप्ता सुमारे ३२ हजार ६०० रुपये येतो, पाच वर्षांत एकूण व्याज साडेचार लाखांच्या थोडे वर जाते, आणि मग विषय संपतो. मसाला हा अन्नप्रक्रिया उद्योग असल्यामुळे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेखाली पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान देण्याची तरतूद २०२० पासून आहे. आपल्या राज्यात ती कृषी विभागामार्फत राबवली जाते, तेव्हा सध्याची स्थिती आणि निधी यांची चौकशी तेथेच करावी. मुद्रा योजनेची मर्यादाही २०२४ मध्ये, आधीचे ‘तरुण’ या नावाच्या कर्जगटातील कर्ज नीट फेडलेल्यांसाठी, २० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. याउलट १५ लाखांसाठी २० टक्के हिस्सा दिला तर तो पाच वर्षांनी परत येत नाही, आणि हिश्श्याबरोबर मोठ्या निर्णयांना संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकारही बहुधा द्यावा लागतो. शिवाय एकल मालकीच्या व्यवसायाला भाग विकताच येत नाहीत. आधी खासगी मर्यादित कंपनी काढावी लागते आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण व विवरणपत्रे मागे लागतात. हिस्सा विकणे वाईट नाही. पण ज्या व्यवसायाला पाच वर्षांत दहापट व्हायचे आहे त्याच्यासाठी तो मार्ग आहे, आणि दुप्पट होऊन नीट चालण्यात समाधान असलेल्या व्यवसायासाठी नाही. कार्यक्रमात दुसऱ्या प्रकारच्या व्यवसायाला ‘तुमची महत्त्वाकांक्षा लहान आहे’ असे ऐकावे लागते. गुंतवणूकदाराच्या बाजूने ते बरोबर आहे, कारण त्याचा पैसा कंपनी मोठी झाली तरच वसूल होतो. ताईंनी ते मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

आता ३५ प्रकारांकडे येतो. यासाठी प्रसिद्ध ब्रिटिश आचारी गॉर्डन रॅमसे यांचा, बुडती उपाहारगृहे सावरण्याचा ‘किचन नाइटमेअर्स’ हा कार्यक्रम पाहावा. तो २००४ मध्ये ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर सुरू झाला आणि २००७ पासून अमेरिकेत फॉक्सवर आला. शिव्या पुष्कळ आहेत, त्या सोडून द्याव्यात. भाग कोणताही घ्या, बुडत्या उपाहारगृहाचे मेनू कार्ड लांबलचक असते. लांब मेनू म्हणजे अनेक प्रकारचा कच्चा माल, तो खपत नाही म्हणून शीतपेटीत पडून राहतो, शिळा माल ताटात जातो, आणि आचाऱ्याला एकही पदार्थ मनापासून येत नाही. रॅमसे थेट शीतपेटी उघडतात आणि मग मेनू कापतात. मालकाचा प्रतिकारही ठरलेला असतो: ‘हा पदार्थ मागणारी माणसे येतात.’ येतात हे खरे असते, पण किती येतात हे मालकाने मोजलेले नसते.

ताईंनी मागील बारा महिन्यांची विक्री प्रकारानुसार काढावी आणि प्रत्येक प्रकारापुढे वर दाखवल्याप्रमाणे पाकिटामागची शिल्लक लिहावी. क्रम विक्रीच्या रकमेनुसार लावू नये, एकूण शिलकीनुसार लावावा, कारण सर्वांत जास्त खपणारे पाकीटच कधी कधी सर्वांत कमी देते. अशा याद्यांत तळाचे दहा-बारा प्रकार मिळून एकूण शिलकीत नगण्य भर घालतात, पण त्यांच्यासाठी वेगळी लेबले छापून ठेवलेली असतात, डंक मध्येच धुवावा लागतो आणि परतीच्या मालात त्यांचीच पाकिटे अधिक असतात. सगळे एकदम बंद करू नयेत. एखादा प्रकार न परवडणारा असला तरी तो घेणारे दुकान इतर माल मोठ्या प्रमाणात घेत असेल, तर तो ठेवावा. सणापुरते लागणारे प्रकार सणापुरतेच करावेत. सासूबाईंच्या आवडीचा एखादा प्रकार राहिला तरी हरकत नाही. घरच्या व्यवसायात सगळेच निर्णय वहीवरून होत नाहीत आणि व्हावेत असा माझाही आग्रह नाही.

मात्र याच कार्यक्रमातली एक बाब प्रेक्षकांच्या सहसा ध्यानात राहत नाही. रॅमसे यांनी नवा रंग, नवा मेनू आणि नवे ताट देऊन उभी केलेली पुष्कळ उपाहारगृहे नंतर बंद पडली. दोष सगळा त्यांचा नव्हता. आठवड्याभरात भिंत रंगवता येते, पण जुने कर्ज, जागेचे भाडे आणि वर्षानुवर्षांची थकबाकी तशीच राहते. लेबलची नवी रचना आणि समाजमाध्यमांवर जाहिरात हे उपाय तरुण पिढी सर्वांत आधी सुचवते, कारण कार्यक्रमात तेच डोळ्यांना दिसते. माझ्या अनुभवात लेबल बदलून ज्यांचे भले झाले, त्यांनी त्याआधी किंमत, घट आणि उधारी जागेवर आणलेली होती.

त्याच मालिकेतील ॲरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल येथील ‘एमीज बेकिंग कंपनी’चा मे २०१३ मधला भाग ताईंच्या मुलाने एकदा अवश्य पाहावा. मालक दांपत्य टीका ऐकायलाच तयार नव्हते, वाढप्यांना मिळणारी बक्षिशी मालक ठेवून घेत होते हे पडद्यावर उघड झाले, आणि रॅमसे काम अर्धवट सोडून निघून गेले. खरा तमाशा पुढे झाला. प्रक्षेपणानंतर त्या व्यवसायाच्या फेसबुक पानावरून टीकाकारांना शिवीगाळ करणारे संदेश गेले. आमचे खाते कोणीतरी पळवले होते, असा खुलासा मालकांनी केला. पण तोवर जगभरचे लोक तेथे जमले होते. २०१५ मध्ये ते दुकान बंद झाले. आपल्याकडे एखाद्या गिऱ्हाईकाने ऑनलाइन बाजारपेठेवर एक तारा देऊन ‘मसाल्यात खडा निघाला’ असे लिहिले की रात्री साडेअकराला मोबाइलवरून उत्तर देण्याचा मोह होतो. त्या उत्तराचा खरा वाचक तक्रार करणारा नसतो. पुढे ते पाकीट घ्यावे की नाही हे ठरवणारी नवी गिऱ्हाइके तो संवाद वाचत असतात. म्हणून उत्तर दुसऱ्या दिवशी, दोन वाक्यांत, पाकिटावरचा बॅच क्रमांक विचारून आणि बदली पाकीट देऊ करून द्यावे, आणि खडा कोठून आला हे धणे निवडण्याच्या टेबलापाशी जाऊन पाहावे. उत्तर देण्याचे काम घरातल्या सर्वांत तापट माणसाकडे नसावे.

कामगारांच्या बाबतीत ‘अंडरकव्हर बॉस’ या कार्यक्रमाचा पहिला अमेरिकन भाग मला अजून उपयोगाचा वाटतो. फेब्रुवारी २०१० मध्ये तो सीबीएसवर दाखवला गेला. कचरा वाहून नेणाऱ्या ‘वेस्ट मॅनेजमेंट’ या महाकाय कंपनीचा वरिष्ठ अधिकारी वेष बदलून नवखा कामगार म्हणून फिरतो. कचरागाडी चालवणाऱ्या एका महिलेबरोबर जाताना त्याला कळते की फेरी वेळेत संपवण्याच्या दबावामुळे तिला लघवीसाठी गाडीतच डबा ठेवावा लागतो. तो दबाव त्याच्याच कार्यालयाने ठरवलेल्या उत्पादकतेच्या लक्ष्यांतून आलेला होता. सांगलीच्या कारखान्यात ताईंना वेष बदलता येणार नाही, आणि तशी गरजही नाही, कारण त्या रोज तेथेच असतात. पण रोज तेथे असूनही दिसत नाही असे पुष्कळ असते. मिरची कुटताना तोंडाला बांधायचे चांगले मास्क पुरेसे आहेत का, नाक-डोळ्यांची आग होते म्हणून कोणी मधूनमधून सुट्टी घेते का, स्वच्छतागृह किती दूर आहे, हे प्रश्न मालकिणीने समोरासमोर विचारले तर ‘सगळे बरे आहे, वहिनी’ हेच उत्तर मिळेल. ते कोणाकडून तरी बाजूने कळून घ्यावे लागते. गिऱ्हाइकाच्या बाजूनेही हाच प्रयोग करावा. नागपूर किंवा बडोद्यातल्या एखाद्या ओळखीच्या घरी स्वतःच्याच मालाची ऑनलाइन मागणी नोंदवावी आणि पाकीट कोणत्या अवस्थेत पोहोचते, तेल झिरपलेले असते का, किती दिवस लागतात, हे छायाचित्रांसह मागवून घ्यावे.

‘द प्रॉफिट’ या २०१३ मध्ये सीएनबीसीवर सुरू झालेल्या मालिकेत अमेरिकन उद्योजक मार्कस लेमोनिस माणसे, पद्धत आणि माल या तीन अंगांनी व्यवसाय तपासतात. त्यातले बरेच व्यवसाय कुटुंबांचे होते, आणि अडचण मालात नसून भावाभावांत किंवा नवरा-बायकोत असल्याचे वारंवार दिसते. ताईंच्या पत्रात सासूबाई आहेत, मुलगा आहे, पण निर्णय कोणाचा याचा उल्लेख नाही. भाव ठरवणे, उधारी देणे आणि खरेदी करणे या तीन गोष्टींपैकी कोणती कोणाच्या अधिकारात आहे हे एका कागदावर लिहून तिघांनी सही करावी. हे फार औपचारिक वाटेल, तरी करावे.

‘बिग बॉस’सारख्या कार्यक्रमांतून व्यवसायाला काय घेता येईल, असेही मला अधूनमधून विचारले जाते. भांडणाकडे लोकांचे लक्ष जाते, पण लक्ष वेधून घेणे आणि पाकीट खपणे यांत फार अंतर आहे, एवढेच मी सांगतो. त्यापेक्षा २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’मधून मसाला विकणाऱ्याने अधिक घ्यावे. आदेश बांदेकर घरी जात, गृहिणीला नावाने हाक मारत आणि तिला बोलते करत. पैठणी शेवटी येई. त्याआधीचा सगळा वेळ ऐकण्याचा होता. ताईंचे गिऱ्हाईक तेच आहे, आणि आमटीत किती चमचे घालता, हा साधा प्रश्न विचारून मिळणारी माहिती कोणत्याही पाहणीत मिळणार नाही.

यानंतर जो भाग कोणत्याच वाहिनीवर दिसत नाही तो सांगायला हवा, कारण लहान उद्योगाचा जीव तेथेच अडकलेला असतो, आणि तो भाग म्हणजे खेळते भांडवल. मिरचीची खरेदी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते. वर्षाला ७० हजार पाकिटे आणि प्रत्येकात २४ रुपयांची मिरची धरली तर वर्षभराच्या मिरचीत १६ ते १७ लाख रुपये गुंततात. माल मात्र वर्षभर थोडा थोडा विकला जातो, आणि वितरक व मोठी दुकाने पैसे दोन-तीन महिन्यांनी देतात. वहीत नफा दिसतो आणि बँकेत पैसा नसतो तो यामुळे. यावर पडद्यावर चर्चा होत नाही, कारण उधारीची यादी वाचून दाखवण्यात नाट्य नाही.

कायदा येथे ताईंच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली की अशा उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळेल. त्यासाठी ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी हवी, आणि ती ताईंनी केलेली नसेल तर आजच करावी. तिला शुल्क नाही. नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. व्याजाची मागणी करून दुकान तोडण्याची हिंमत सहसा कोणी करत नाही हे मला माहीत आहे, पण बिलावरचा क्रमांक पाहून मोठ्या खरेदीदाराचा लेखापाल मार्च महिन्यात आपणहून पैसे सोडतो, असे गेल्या काही वर्षांत दिसू लागले आहे.

राहिला अर्जाचा प्रश्न. मुलाला भरू द्यावा. निवड झाली नाही तरी अर्जासाठी आकडे जमवताना जी शिस्त लागते ती फुकट मिळते. पडद्यावर नकार मिळणे म्हणजे व्यवसाय निकामी ठरणे नव्हे. दारावरच्या घंटीत कॅमेरा बसवणारे जेमी सिमिनॉफ २०१३ मध्ये अमेरिकन ‘शार्क टँक’मधून पैसे न घेता परतले. एका गुंतवणूकदाराने देऊ केलेला सौदा त्यांनी नाकारला आणि बाकीच्यांनी देऊच केला नाही. पुढे त्याच उत्पादनाचे ‘रिंग’ झाले आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली. उलट बाजूने, पडद्यावर हस्तांदोलन झाले म्हणजे पैसे आले असेही नाही. त्यानंतर कागदपत्रांची तपासणी होते आणि तीत अटी बदलतात किंवा सौदा मोडतोही.

अर्ज पाठवण्याआधी मात्र काही गोष्टी पुऱ्या कराव्यात. मसाल्याचे नाव व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) म्हणून ३० व्या वर्गात नोंदवण्यासाठी अर्ज करावा. व्यक्ती आणि लघु उद्योगांना ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. अर्ज कोणाच्या नावाने करायचा, सासूबाईंच्या, ताईंच्या की पुढे निघणाऱ्या कंपनीच्या, हे आधी घरात ठरवावे, कारण कार्यक्रमानंतर नावाला किंमत आली की हा प्रश्न विचारणे अवघड होते. अन्न सुरक्षा परवाना सध्याच्या उलाढालीला आणि सध्याच्या पत्त्याला लागू आहे का, हे तपासावे. प्रक्षेपणाच्या रात्री आलेल्या मागण्या पुरवण्याइतकी मिरची गोदामात नसेल तर ती हंगामाबाहेर चढ्या भावाने घ्यावी लागेल, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे किलोमागे ४० रुपये जास्त गेले तर पाकिटामागे ७ रुपयेच उरतात. म्हणून मुलाने अर्जातला विक्रीचा अंदाज लिहिताना त्याच्या शेजारी त्या विक्रीला किती क्विंटल मिरची लागेल आणि ती कोणत्या महिन्यात, कोणाच्या पैशाने घेतली जाईल, हेही लिहावे, आणि तो कागद अर्जाबरोबर पाठवण्याआधी ताईंना दाखवावा.